डाळिंबाचं नाणं

जहांबख्श हक्काक रागावला की चहा सोडतो, हे त्याच्या बायकोला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तेहरानच्या माणसानं चहा सोडणं ही साधी गोष्ट नाही. चहाचा पितळी समोवर सकाळपासून खळखळत होता, माहरुख पेला भरून त्याच्यासमोर ठेवत होती, गार झाला की उचलून मोरीत ओतत होती, आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. गुरुवारची बैठक झाल्यापासून हे असंच चाललं होतं.

बैठक नाणीवाल्यांची. दर गुरुवारी संध्याकाळी आळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं, काकड्या सोलायच्या, पिस्ते फोडायचे, एकमेकांच्या नाण्यांना नावं ठेवायची आणि निघताना दारात ‘आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही’ करत ताटकळत उभं राहायचं. या मंडळींना साध्यासुध्या नाण्यांचं कौतुक नव्हतं. त्यांचा जीव चाचणीच्या नाण्यांवर. टांकसाळीत नवं नाणं काढायचं ठरलं की आधी पोलादावर ठसा कोरतात आणि तो कसा उठतो ते पाहायला पितळ, तांबं, हाताला लागेल त्या धातूच्या चकतीवर चार-दोन नाणी ठोकून बघतात. ती बाजारात जायची नसतात, परत भट्टीत जायची असतात. त्यातलं एखादं चोरून नाहीतर कुणाच्या मेहेरबानीनं बाहेर येतं, आणि मग शहाणीसुरती माणसं त्याच्यापायी झोप घालवून बसतात. अशा माणसांना टोपी घालायला खोटी नाणी बनवणारेही अर्थातच कमी नाहीत.

म्हणून जहांबख्शला मान. त्यानं जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, पण त्याचा बाप उस्ताद नसरुल्ला टांकसाळीत ठसे कोरायचा, आणि मुलाची नजर बापाच्या मांडीवर बसून तयार झालेली. बैठकीत कुणी काही नवं आणलं की शेवटी ते त्याच्या हातात यायचं. तो दिव्याखाली भिंग धरायचा. ठोकलेल्या नाण्यात धातू दाबानं पसरतो, अक्षरांच्या कडेला त्याच्या बारीक रेषा उठतात. ओतलेल्यात त्या रेषा नसतात. हवेचे बुडबुडे अडकतात आणि सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. जहांबख्श मान वर करून एकच शब्द बोलायचा. ‘ठोकीव’ म्हणाला की मालकाचा चेहरा उजळायचा. ‘ओतीव’ म्हणाला की संपलं, फिरदौसी रस्त्यावरच्या नाणेबाजारात त्या नाण्याला मग कुत्रं विचारत नसे. बाकी सगळीकडे तोंडात खडीसाखर ठेवून बोलणारा हा माणूस इथं कुणाची भीडमुर्वत ठेवत नसे. आजवर त्यानं ना कुणाचं मन राखायला खोट्याला खरं म्हटलं होतं, ना कुणावर डूख धरून खऱ्याला खोटं.

त्याच्याकडे स्वतःचं असं एकच नाणं होतं. पितळेचं, एका बाजूला डाळिंबाची फांदी, फांदीवर फुटलेलं डाळिंब, आत दाणे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. उस्ताद नसरुल्लानं तो ठसा हिवाळाभर डोळे फोडून कोरला होता. वरच्यांनी दुसराच नमुना पसंत केला, डाळिंबाचा ठसा मोडीत गेला, ठोकलेली नाणी वितळवली. एवढं एक टांकसाळीच्या मुख्यानं उस्तादच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, ‘तुझी मेहनत आहे, घरी ने.’ उस्तादनं पुढं खूप ठसे कोरले, पण ते सगळे दुसऱ्यांनी काढलेल्या चित्रांवरून. त्याच्या स्वतःच्या डोक्यातून उतरलेलं जगात हेच एक उरलं होतं. दर नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, मांडायच्या सात वस्तूंत एक नाणं लागतं. हक्काकांच्या घरी ते हेच असायचं.

त्या गुरुवारी बैठक त्याच्याकडे होती आणि कामबीज तवल्लली आला होता. कामबीजचा फिरदौसी रस्त्यावर जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा गाळा होता, वर्षातून निम्मे दिवस दुबईत. बोटात अंगठ्या, बोलण्यात लोणी. त्यानं डाळिंबाचं नाणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, “वा! काय हात होता माणसाचा! असं काम मी अख्ख्या आयुष्यात पाहिलं नाही, जहांबख्श खान!”

आणि जहांबख्श म्हणाला, “तुमच्यापुढं त्याची काय किंमत! पेशकश. तुमचंच समजा.”

आता हे कोण म्हणत नाही? कुणी कोटाचं कौतुक केलं की आपण कोट पेशकश करतो, गालिच्याचं केलं की गालिचा. टॅक्सीवालासुद्धा उतरताना म्हणतो, ‘राहू द्या आगा, तुमच्यापुढं पैसे काय!’ म्हणून कुणी पैसे न देता चालू पडत नाही. समोरच्यानं छातीवर हात ठेवून म्हणायचं असतं, ‘नको नको, ज्याचं त्यालाच शोभतं,’ आणि वस्तू जागेवर ठेवायची असते. दूधपितं पोरही हे शिकूनच मोठं होतं.

कामबीजनं मूठ मिटली. “तुम्ही इतक्या प्रेमानं देताय, मग मी तुमचं मन कसं मोडू? हात दुखू नयेत तुमचे,” असे आभार मानून नाणं कोटाच्या आतल्या खिशात टाकून त्यानं वरून बटण लावलं.

डॉक्टर फरझाम दातांचे डॉक्टर, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. ते मान खाली घालून काकडी सोलत राहिले. सरहंग पाझूकी, म्हणजे फौजेतले निवृत्त कर्नल, बैठकीत सर्वांत वडील. त्यांनी पेल्यातल्या चहाकडे असं बघितलं की जणू त्यात माशी पडली आहे. आणि जहांबख्श हसला. तेच त्याला राहून राहून आठवत होतं आणि तळपायाची आग मस्तकाला जात होती. त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बाप एक लुच्चा खिशात घालून चालला होता आणि तो हसून म्हणाला होता, ‘नोशे जान! लखलाभ!’

“हसलास कशाला पण?” माहरुखनं शेवटी तोंड उघडलं. तिनं चहाचा पेला त्याच्या नाकासमोर आपटला.

“मग काय करू? पाहुण्याच्या खिशात हात घालू?”

“घालायचा! त्यानं लाज सोडली, तू कशाला धरून बसलास?”

“माझ्या घरात, माझ्या ताटावर बसलेल्या माणसाला मी म्हणू की मी नुसतं तोंडदेखलं म्हणालो होतो?”

“सगळ्यांनाच माहीत होतं की तू तोंडदेखलं म्हणालास. त्यालाही माहीत होतं. म्हणूनच तर घेतलं त्यानं! आणि तुझे ते दोस्त! माझे पिस्ते खाताना बरे हात चालतात त्यांचे. एकाच्या तोंडातून शब्द फुटू नये? डॉक्टरला तर मी आता दारात उभं करणार नाही.”

जहांबख्शनं पेला बाजूला सरकवला. कामबीजचा राग होताच. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग त्याला त्या काकडीचा आला होता. वीस-बावीस वर्षांचा स्नेह आणि माणूस काकडी सोलत बसतो.

मध्यस्थीला सरहंग गेले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून गेले, टाय लावून, मिठाईचा डबा घेऊन. परत आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“काय म्हणाला?” जहांबख्शनं विचारलं.

“म्हणतो, जहांबख्श खाननं पाच माणसांदेखत दिलं. आता मी परत केलं तर त्याचा अर्थ त्यांनी मनापासून दिलं नव्हतं असा होईल. एवढ्या मोठ्या माणसाला मी खोटारडा कसा ठरवू?” सरहंगांनी टाय सैल केला. “वर मला म्हणतो, सरहंग, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

“हरामखोर!”

“आहेच. पण गाठ चांगली मारली आहे. दुबईत गिऱ्हाईक आहे त्याच्याकडे. ते म्हणतंय, तेहरानची बैठक ‘ठोकीव’ म्हणत असेल तर घेतो. येत्या गुरुवारी बैठक त्याच्याच घरी आहे. तुम्हालाच विचारणार आहे तो, सगळ्यांसमोर.”

“मला? माझ्याच नाण्याबद्दल मला?”

“दुसऱ्या कुणाच्या शब्दाला किंमत आहे, जहांबख्श खान?” सरहंग म्हणाले. त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं.

ते गेल्यावर जहांबख्श खिडकीशी उभा राहिला. खाली गल्लीत नवरोजची साफसफाई चालली होती. कठड्यांवर गालिचे टाकून बाया काठ्यांनी झोडपत होत्या. प्रत्येक काठी कामबीजच्या पाठीवर बसते आहे असं त्याला वाटत होतं आणि बरं वाटत होतं. निर्लज्जपणाची हद्द बघा! नाणं घ्यायचं माझं, आणि विकायला जीभही माझीच वापरायची! ‘ठोकीव’ म्हणालो की गेलं ते दुबईला, परत दिसायचं नाही. आणि ‘ओतीव’ म्हणालो तर—

तो एकदम वळला. “माहरुख, डाळिंबाच्या डाव्या पानाजवळ ती भोकं आहेत ना?”

माहरुखच्या हातातलं फडकं थांबलं. त्या भोकांची आठवण दोघांनाही सुखाची नव्हती. एका वर्षी नवरोजच्या आधी तिनं घरातली सगळी नाणी लखलखीत करायला आंबट सिरक्यात मीठ घालून त्यात टाकली होती, डाळिंबाचं नाणंही त्यात गेलं आणि रात्रभर विसरलं. सिरक्यानं पितळ खाल्लं. पानाजवळ बारीक खड्डे पडले. जहांबख्शनं तेव्हा आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता. चहा तर सोडलाच होता.

“त्यांचं काय आता?”

“भिंगातून बघितलं तर बुडबुड्यांसारखी दिसतात. नवख्याला तरी. मी म्हणेन, ओतीव आहे. मी म्हटलं की झालं. कामबीज फेकून देईल माझ्या अंगावर. खिशात टाकायचं आणि घरी यायचं.”

माहरुख खुर्चीवर बसली. तिला वाटलं होतं, नाणं परत मिळायची वाट सापडली की आपण आनंदानं उडी मारू. पण तिला उडी मारावीशी वाटेना. “आणि मामंजींचं काय?” तिनं विचारलं.

“बाबांचं काय? बाबांचं नाणं घरी येतंय.”

“तू सगळ्यांसमोर म्हणणार की ते टांकसाळीत ठोकलेलं नाही. मग कुणी बनवलं? आकाशातून पडलं?”

“काहीतरी सांगेन.”

“ती भोकं माझ्या सिरक्याची आहेत, जहान. माझा गाढवपणा आहे तो. तुझ्या बापाच्या माथी का मारतोस?”

“मग देऊन टाकू त्या चोराला? तेच म्हणतेस ना तू?” तो ओरडला. शेजारच्या बाईची काठी थांबली. “माझ्या बापाचा हात विकून तो समुद्रावर बंगला बांधू दे, आणि मी इथं खरं बोलल्याचं समाधान चाटत बसू!”

“मी तसं म्हटलं नाही,” माहरुख म्हणाली. “मी म्हणते, पोलिसात जा, त्याच्या दाराशी जाऊन बोंब मार, मी येते तुझ्याबरोबर, अंगावरची चादर खोचून येते. पण हे नको.”

बोंब मारायची! हक्काकांच्या मुलानं दुसऱ्याच्या दाराशी बोंब मारायची! आणि खोटं बोलायचं नाही! बायकांना काही कळत नाही, असं स्वतःशी म्हणत त्यानं कोट चढवला आणि उगाचच नाक्यापर्यंत जाऊन आला.

गुरुवारी कामबीजचं घर दिव्यांनी झगमगत होतं. दारात त्यानं जहांबख्शला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. “पायधूळ झाडलीत, उस्ताद! आमच्या डोळ्यांवर पाय ठेवून आलात!” जहांबख्शनंही ‘जीव ओवाळून टाकीन तुमच्यावरून’ म्हटलं आणि दातओठ खात खुर्चीवर बसला. फळं फिरली, सुका मेवा फिरला. मग कामबीजनं मखमलीच्या तबकात नाणं आणलं, दिवा ओढला, स्वतःच्या हातानं भिंग पुढं केलं.

“मंडळी, दुबईला फोन लावायचाय. पण उस्तादांच्या शब्दाशिवाय नाही. बोला उस्ताद. काय ते एकदाच बोला.”

जहांबख्शनं नाणं उचललं. बोटाला ती कड लागली. भिंगाखाली डाळिंब फुटून उभं राहिलं. अक्षरांच्या कडेनं पितळेच्या रेषा उठल्या होत्या, पेरलेल्या गव्हाच्या हिरव्या पात्यांसारख्या दाट आणि सरळ. एकेक दाणा त्याच्या बापानं श्वास रोखून कोरलेला. याहून स्पष्ट ‘ठोकीव’ त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी त्याला कामबीजच्या अंगठ्या दिसत होत्या, टेबलाच्या काठावर टकटक करणाऱ्या. ती टकटक त्याच्या डोक्यात शिरली.

“ओतीव,” तो म्हणाला.

टकटक थांबली. “काय?”

“ओतीव आहे. इथं बघा, पानाजवळ. बुडबुडे.”

“पण तुमच्या वडिलांनी—”

“माझ्या वडिलांनीच ओतलं.” आता जीभ सुटली होती आणि थांबत नव्हती. “त्यांचा ठसा नापसंत झाला, तो चाचणीलासुद्धा गेला नाही. ते त्यांना सोसलं नाही. चोरून ठशावर मेण दाबून आणलं आणि अंगणात मोडक्या समोवराच्या तोटीचं पितळ वितळवून ओतलं. आम्हा पोरांना दाखवायला, की बघा, तुमच्या बापाचं नाणं निघालं. मला लहानपणापासून ठाऊक आहे. लाज वाटायची, म्हणून बोललो नाही.”

कुणी संशय घेतला नाही. कोण घेणार? स्वतःच्या बापाबद्दल असं खोटं कोण बोलतं? उलट डॉक्टर फरझामांनी मान डोलावली. “सलाम तुम्हाला, जहांबख्श खान. बापाचीही भीड नाही! तरी मला आधीपासून जरा शंका होतीच.” हा तोच माणूस, त्या नाण्यापुढं दरवेळी ‘माशाल्ला, माशाल्ला’ करणारा. जहांबख्शला वाटलं, उठावं आणि समोरची काकडी त्याच्या घशात कोंबावी.

कामबीजचा चेहरा उतरला, मग तांबडा झाला. “म्हणजे तुम्ही मला खोटं नाणं पेशकश केलंत? दुबईत नाक कापून घेतलं असतं मी!” त्यानं नाणं टेबलावरून ढकललं. ते घरंगळत येऊन जहांबख्शच्या मांडीवर पडलं. “घ्या. घेऊन जा तुमच्या बापाची तोटी.”

दोन-तीन जण हसले. जहांबख्शनं नाणं खिशात टाकलं. सरहंग हसले नव्हते. ते त्याच्याकडे बघत होते.

घरी येऊन त्यानं नाणं टेबलावर ठेवलं. “आणलं,” तो म्हणाला. “चहा दे.”

“समोवर तिथं आहे,” माहरुख म्हणाली आणि आत निघून गेली. त्यानं स्वतःच पेला भरला. चहा कडू झाला होता, पण त्यानं तो संपवला.

नवरोजला थोडे दिवस उरले असताना तो फिरदौसी रस्त्यावर गेला होता. एका दुकानाच्या काचेत उस्ताद नसरुल्लानं कोरलेलं पहिलवानीचं पदक होतं. त्यावरचा सिंह बघायला तो नेहमी थांबायचा. आज पदक काचेत नव्हतं. आत विचारलं तर दुकानदार, आगा मोइनी, हसतमुख माणूस, म्हणाला, “काढून ठेवलंय, आगा. गिऱ्हाइकं विचारतात, हेपण घरीच ओतलेलं का? उगाच कटकट.”

“मोइनी, ते पदक टांकसाळीत ठोकलेलं आहे! माझ्या बापासारखा ठसा कोरणारा या शहरात झाला नाही!”

“मी कुठं नाही म्हणतो? पण चोरून मेण दाबणारा माणूस म्हटल्यावर लोक बोलणारच.”

“कोण म्हणतं चोर? कोण म्हणतं? नाव सांग मला त्याचं!” जहांबख्श काउंटरवर मूठ आपटत ओरडला.

मोइनीनं गोंधळून त्याच्याकडे बघितलं. “तुम्हीच ना, आगा,” तो म्हणाला. “बैठकीत.”

रस्त्यानं परत येताना जहांबख्श मोठमोठ्यानं शिव्या देत होता. लोक वळून बघत होते. शिव्या कामबीजला होत्या, फरझामला होत्या, मोइनीला होत्या. मध्येच कुणाला आहेत ते त्यालाही समजेना.

नवरोज आला. माहरुखनं चादर अंथरून सात वस्तू मांडल्या: सफरचंद, लसूण, सिरका, सुमाकची आंबट पूड, गव्हाचा हलवा, सिंजिदची फळं. सातवं नाणं. डाळिंबाचं नाणं तिनं सिरक्याच्या वाटीपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं लांब ठेवलं. बैठकीतलं कुणी आलं नाही. रिवाज असा की धाकट्यानं थोरल्याकडे आधी जायचं, त्यामुळे जहांबख्शनंच सरहंगांकडे जायला हवं होतं. त्याचं पाऊल उचललं नाही. तेव्हा सरहंगच आले.

दारात ‘आधी तुम्ही’ झालं नाही. सरहंग सरळ आत येऊन चादरीसमोर बसले, ‘शंभर वर्षं असेच सण येवोत’ एवढं पुटपुटले आणि खिशातून स्वतःचं भिंग काढलं. विचारलंही नाही. नाणं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं आणि खूप वेळ बघत राहिले. माहरुख चहाचं तबक घेऊन दारातच थांबली.

“बुडबुड्याचं भोक गोल असतं, त्याला ओठ असतो,” सरहंग म्हणाले. “हे तुम्हीच मला शिकवलंत. ही भोकं गोल नाहीत. धातू कशानं तरी खाल्लाय.”

“सिरका,” दारातून माहरुख म्हणाली.

सरहंगांनी नाणं जागच्या जागी ठेवलं.

“माझं ते तांब्याचं नाणं आठवतं तुम्हाला? मामानं मरताना माझ्या हातात दिलेलं. शंभर वर्षांपूर्वीची चाचणी आहे, सांभाळ, म्हणाला होता. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, ओतीव. मी वाद घातला नाही. घरी जाताना रस्त्याकडेच्या वाहत्या पाटात ते टाकून दिलं. मामाला मनातल्या मनात लबाड म्हटलं. त्याच्या कबरीवर जाणंही सोडलं मी.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “त्या दिवशीही माझ्याबद्दल नाहीतर मामाबद्दल काही तुमच्या मनात होतं का? कशाचा राग होता? खरं सांगा, जहांबख्श खान. ते ओतीव होतं?”

“ओतीव होतं, सरहंग! देवाशपथ ओतीव होतं! माझ्या बापाच्या आत्म्याची शपथ!”

“कुठल्या बापाच्या?” सरहंग म्हणाले. “समोवराची तोटी ओतणाऱ्या?”

जहांबख्शला ओरडावं असं पहिल्यांदाच वाटलं नाही, इतका तो स्वतःवर चिडला होता. त्यानं खाली वाकून नाणं उचललं, दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन सरहंगांपुढं धरलं.

“हे घ्या. तुमच्या त्या नाण्याच्या जागी घ्या. तोंडदेखलं म्हणत नाही मी, खरंच देतोय. हे खरं आहे, सरहंग, ठोकीव आहे. मी खोटं बोललो. तुम्ही घ्या आणि बैठकीत सगळ्यांना दाखवा. पेशकश.”

सरहंग उठले. त्यांनी भिंग रुमालात गुंडाळलं, खिशात ठेवलं, माहरुखला मान लववली आणि दाराशी बूट चढवले. मग वळून, रिवाजाप्रमाणे, छातीवर हात ठेवला.

“नको नको,” ते म्हणाले. “ज्याचं त्यालाच शोभतं.”

आणि ते जिना उतरून गेले.